धावते विमान थांबते कसे आणि वळते कसे?

परंड्याच्या किल्ल्याचे नाव निघाले की 'मलिक-ए-मैदान' तोफेची आठवण निघतेच. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये ती विजापूरला नेली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन. ती ओढायला चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे लागली, असे सांगतात. एवढे अवजड धूड जागचे हलवायचे म्हणजे किती कष्ट पडले असतील, याची कल्पना शेतकऱ्याला सांगायला नको.

आता दुसरे चित्र पाहा. मुंबईला किंवा पुण्याला रोज उतरणारे बोइंग ७३७ जातीचे विमान घ्या. उतरताना त्याचे वजन ६५ टनांपर्यंत असू शकते, म्हणजे आपल्या तोफेहूनही जास्त. आणि ते जमिनीला टेकते ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने. तिथून पुढे साधारण अर्ध्या मिनिटात ते बैलगाडीच्या चालीवर येते. तोफ हलवणे अवघड होते, तर विमान थांबवणे अवघड आहे. हे कसे साधते, ते आज आपण पाहू.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती अशी की, वेग दुप्पट झाला तर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. वेग तिप्पट झाला तर अंतर नऊपट. धावत्या वस्तूच्या अंगी जो जोर असतो, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा जोर नाहीसा होत नाही, त्याचे रूपांतर उष्णतेत होते. विमानाचा हिशेब केला तर ६५ टनांचे विमान ताशी अडीचशे किलोमीटरवरून थांबवताना जेवढी उष्णता निर्माण होते, तेवढ्यात सुमारे पाचशे लिटर गार पाणी उकळायला लागेल. गावजेवणाचे मोठे हंडे चुलीवर चढवले तर किती सरपण जळते, ते आठवा. ती सगळी धग अर्ध्या मिनिटात पचवायची असते.

हे काम एकटा ब्रेक करीत नाही. तिघे मिळून करतात.

पहिला मदतनीस पंखांवर असतो. विमान जमिनीला टेकले तरी वेग आहे तोवर पंख त्याला वर उचलून धरतातच. मग चाकांवर पुरता भार पडत नाही, आणि भार नाही तर ब्रेक लावूनही चाक जमीन धरीत नाही. रिकामी गाडी खडीवरून कशी घसरते, तसेच. म्हणून चाके टेकताच पंखांच्या पाठीवरच्या फळ्या ताडकन उभ्या राहतात. त्यांना स्पॉयलर म्हणतात. त्या पंखांची उचल मोडतात, विमानाचे वजन चाकांवर टाकतात आणि वाऱ्यालाही अडवतात. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला त्या स्पष्ट दिसतात.

दुसरा मदतनीस इंजिन. विमान उतरले की इंजिनाचा मोठा आवाज होतो आणि नव्या प्रवाशाला वाटते, इंजिन उलटे फिरू लागले. तसे होत नाही. इंजिन फिरते त्याच दिशेला, पण मागे जाणाऱ्या हवेची वाट अडवून ती बाजूंनी पुढच्या अंगाला सोडतात. हवा पुढे ढकलली गेली की विमान मागे रेटले जाते. वेग जास्त असताना आणि धावपट्टी ओली असताना याचा मोठा उपयोग होतो.

तिसरा आणि मुख्य गडी म्हणजे चाकांतले ब्रेक. कोरड्या धावपट्टीवर खरा भार यांच्यावरच असतो. बोइंग ७३७ ला मागच्या बाजूला चार मोठी चाके असतात, ब्रेक त्या चारांनाच. नाकाखालच्या दोन लहान चाकांना ब्रेक नसतात. प्रत्येक ब्रेकमध्ये भाकरींची चळत ठेवावी तशा जाड चकत्या असतात. एक चकती चाकाबरोबर फिरणारी, पुढची स्थिर, मग पुन्हा फिरणारी. वैमानिकाने ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने ही चळत घट्ट आवळली जाते, चकत्या एकमेकींवर घासतात आणि चाक मंदावते. पूर्वी या चकत्या पोलादाच्या असत. आता पुष्कळ विमानांत त्या कार्बनच्या असतात, कारण कार्बन हलका आणि भयंकर धग सोसणारा.

तरी चाक फार तापले तर आतली हवा फुगून टायर फुटण्याची भीती असते. म्हणून टायरमध्ये साधी हवा न भरता नायट्रोजन भरतात आणि चाकात विशिष्ट उष्णतेला वितळणाऱ्या धातूची लहान बुचे बसवतात. धग हाताबाहेर गेली की बूच वितळते आणि टायर न फुटता हळूहळू बसतो.

ब्रेकची सर्वांत कठीण परीक्षा मात्र उतरताना नसते. ती असते पुरते लादलेले विमान उड्डाणासाठी धावत असताना काही बिघाड दिसला आणि ते रोखावे लागले तर. नव्या जातीच्या विमानाला परवाना देण्यापूर्वी ही परीक्षा झिजलेल्या ब्रेकवर घेतात. विमान थांबल्यावर पाच मिनिटे आगीच्या बंबाने हात लावायचा नाही, असा नियम आहे. खऱ्या अपघातात बंब पोहोचायला तेवढा वेळ लागेल, असे धरलेले असते.

आता कोणी विचारील, जोरात ब्रेक दाबला तर चाक जागीच अडकून घसरणार नाही का? बरोबर आहे. अडकलेले चाक फिरत्या चाकाइतकी जमीन धरीत नाही, शिवाय टायर एकाच जागी घासून फुटतो. यावर तोड म्हणून ब्रिटनमधल्या डनलॉप कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभी 'मॅक्सारेट' नावाची युक्ती आणली. आज तेच काम विजेची यंत्रणा करते. ती प्रत्येक चाकाची गती मोजते. चाक अडकू लागले की त्याचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा धरते. नवीन मोटारीत आणि मोटारसायकलीतही हीच युक्ती असते.

वळण्याचे काय? विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेले नसते, ते पुढे जाते हवेच्या रेट्याने. वेगात असताना शेपटीवरचे उभे सुकाणू वाऱ्याच्या जोरावर त्याला सरळ ठेवते. वेग कमी झाला की वारा कमी आणि सुकाणू निकामी. मग नाकाखालची चाके वळवावी लागतात. वैमानिकाच्या बाजूला यासाठी एक लहान हातचाक असते. बोइंग ७३७ मध्ये त्याने ही चाके ७८ अंशांपर्यंत वळतात. पायातल्या पट्ट्यांनीही ती वळतात, पण फक्त ७ अंश. वेगात असताना चुकूनही जास्त वळण बसू नये, म्हणून ही मर्यादा.

आणखी एक उपाय आपल्याला नवा नाही. गाडीवान गाडी वळवताना आतल्या बैलाचा कासरा ओढून धरतो आणि बाहेरच्याला हाकतो. विमानातही डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे दाबता येतात. डावीकडचे दाबले की विमान डावीकडे वळते.

एवढी सोय असूनही अपघात होतात, आणि त्यांत पाण्याचा हात मोठा असतो. धावपट्टीवर पाणी साचले आणि वेग जास्त असला, तर टायर पाण्याला बाजूला सारू शकत नाही. तो पाण्याच्या थरावर तरंगतो. अशा वेळी ब्रेक कितीही चांगला असो, धरायला जमीनच नसते. म्हणून मोठ्या धावपट्ट्यांवर पाणी निघून जाण्यासाठी आडव्या चऱ्या पाडतात आणि टायरचे चिकटलेले रबर वेळोवेळी खरवडून काढतात.

१ जुलै २०१९ च्या रात्री भर पावसात जयपूरहून आलेले बोइंग ७३७ मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन चिखलात रुतले. जीवितहानी झाली नाही, पण ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. ७ ऑगस्ट २०२० ला केरळात कोळिकोडला जे झाले, ते मात्र फार दुःखद. पट्टी ओली होती, वारा पाठीमागून होता आणि विमान पट्टीच्या जवळजवळ अर्ध्यावर जाऊन टेकले. उरलेले अंतर पुरले नाही. टेकडीवरच्या त्या पट्टीवरून विमान खाली कोसळले आणि २१ जणांचे प्राण गेले. मागे राहिलेली पट्टी कोणत्याही ब्रेकच्या उपयोगी पडत नाही, हा त्याचा अर्थ.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. एक गुळगुळीत फळी तिरपी ठेवा आणि तिच्या पायथ्याशी गोणपाट पसरा. फळीवर एक वीत उंचावरून गोटी सोडा आणि गोणपाटावर ती किती दूर जाते, ते मोजा. मग चार विती वरून सोडा. दुसऱ्या वेळी गोटीचा वेग साधारण दुप्पट असतो, अंतर मात्र चौपटीच्या आसपास भरते. मुलांना नियम पाठ करावा लागणार नाही.

हा नियम विमानापुरता नाही. हंगामात परंडा-बार्शी रस्त्यावर उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे धावतात. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर. त्यात रस्ता ओला असला, उतार असला, तर मागचा ऊस पुढच्या ट्रॅक्टरला रेटत नेतो. ट्रॉलीवर स्पॉयलर नाही, उलटी हवा सोडणारे इंजिन नाही, घसरण ओळखणारी वीज नाही. तिथे एकच उपाय हाती आहे. वेग निम्म्यावर आणला की थांबायचे अंतर पावपट होते. तेवढ्या फरकात समोरून येणारा सायकलवाला शाळकरी मुलगा वाचतो.