जमिनीची खातेवही

कार्तिक शुद्ध पंचमीचा दिवस व्यापारी जैन कुटुंबात दुहेरी महत्त्वाचा असतो. श्वेतांबर परंपरेत ती ज्ञानपंचमी; त्या दिवशी ग्रंथांचे पूजन होते. पेढीवर तीच लाभपंचमी; दिवाळीनंतर नव्या वहीत नोंद करून व्यवहारास आरंभ होतो. एकीकडे ज्ञानाचा ग्रंथ, दुसरीकडे हिशेबाची वही. या दोहोंच्या शेजारी घरातील लहानथोरांनी मिळून वाचावे असे एक पुस्तक ठेवण्याजोगे आहे. ते मातीचा हिशेब सांगते आणि त्याची लेखिका वसईकर आहे.

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केले. तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या सातत्याने निघत आल्या आहेत. गवाणकर यांनी ग्रंथपाल म्हणून काम केले असून त्यांचे वास्तव्य दीर्घकाळ वसईत आहे. पुस्तकाचे नायक जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात गुलामगिरीत झाला. शिक्षणासाठी गावोगाव भटकत, मिळेल ते काम करीत ते कृषिशास्त्राचे पदव्युत्तर पदवीधर झाले. १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निमंत्रणावरून ते अलाबामातील टस्कीगी येथील संस्थेत आले आणि १९४३ साली निधन होईपर्यंत तेथेच राहिले.

त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या केवळ कापूस पिकवला जात होता. कापसाने जमिनीतील सत्त्व घेतले, परत मात्र काहीच मिळाले नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर खात्यावर उचल चालूच होती, भरणा नव्हता; मुद्दलच संपत आले होते. कार्व्हर यांनी शेतकऱ्यांना चवळी, भुईमूग, रताळे अशी पिके आलटूनपालटून घेण्यास सांगितले. चवळी व भुईमूग या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतील सूक्ष्मजीव हवेतील नत्र घेऊन पिकाला पुरवतात. पिकाचे अवशेष कुजले की त्यातील काही वाटा जमिनीस मिळतो. हाच तो राहून गेलेला भरणा. १९०६ साली खेचरांनी ओढलेल्या एका गाडीवर अवजारे व नमुने ठेवून टस्कीगीची फिरती शेतीशाळा निघाली. ज्यांना शाळेपर्यंत येणे शक्य नव्हते, त्यांच्या शेतापर्यंत शाळा गेली.

परंतु माल पिकला म्हणजे विकला गेला असे नव्हे, हे व्यापाऱ्यास कोणी सांगावयास नको. कार्व्हर यांनी प्रयोगशाळेत भुईमुगापासून दूध, पीठ, रंग अशा शेकडो उपयोगांचा शोध घेतला. १९२१ साली आयात शेंगदाण्यावरील जकातीच्या प्रश्नावर अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्यांना बोलण्यासाठी अवघी दहा मिनिटे देण्यात आली होती. पेटीतून एकेक नमुना काढीत ते बोलत गेले आणि सदस्यांनीच त्यांची वेळ वाढवून दिली. शेत, प्रयोगशाळा आणि बाजार ही तिन्ही अंगे एकत्र पाहणारा हा माणूस होता. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपली शिल्लक संशोधनासाठी स्थापन केलेल्या निधीस अर्पण केली. अपरिग्रहाचे संस्कार असलेल्या घरात या गोष्टीचा अर्थ मुलांना वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

गवाणकर यांचेच ‘भगीरथाचे वारस’ हे पुस्तक पाण्याचा हिशेब मांडते. १९७२ च्या दुष्काळानंतर अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचे काम उभे केले. (हे नायगाव आपल्या वसई रोडजवळचे नव्हे.) तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते पाणी. भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि उसासारखे तहानलेले पीक वर्ज्य ठरले. भागीदारीचे नियम जाणणाऱ्या वाचकास या व्यवस्थेतील न्याय तत्काळ उमगेल.

घराच्या कपाटात यांच्या जोडीस आणखी काही पुस्तके असावीत. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ महिन्यामहिन्याने बदलणारी सृष्टी दाखवते. त्या त्या महिन्यात त्यातील एक प्रकरण वाचावे. व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळ्यांतील संघर्षाचे चित्रण करते. ते प्रौढांसाठी अधिक योग्य. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून अरण्यातील पक्षी, प्राणी व वृक्ष आपल्या ओळखीचे होतात. किशोरवयीन मुलांसाठी राम पटवर्धन यांनी मराठीत आणलेले ‘पाडस’ अवश्य घ्यावे. एक मुलगा हरणाचे पोरके पाडस जीव लावून वाढवतो. पुढे तेच पाडस घराचे पीक खाऊ लागते. दया आणि उपजीविका यांतील हा पेच जीवदयेचे पाठ घेणाऱ्या मुलांशी मोकळेपणाने बोलण्यासारखा आहे. पाठशाळेत पृथ्वीकाय, अप्काय, वनस्पतिकाय ही नावे त्यांनी पाठ केलेली असतात. माती, पाणी आणि झाड यांनाही जीव मानणाऱ्या त्या शब्दांचा आशय अशा वाचनातून उलगडतो.

या वाचनाची निकड वसई-विरारइतकी क्वचितच कोठे असेल. पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी आणि मधल्या सखल भागात शेते, मिठागरे व केळीच्या बागा अशी या भूमीची रचना. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. बेसुमार बांधकाम व पाण्याचा उपसा यांविरुद्ध ‘हरित वसई’ चळवळ उभी राहिली. तिचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे मराठीचे मान्यवर लेखक होते. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार जलमय झाले आणि नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी आल्याने रेल्वे थांबली. कित्येकांना तेव्हा प्रथमच जाणवले की सखल जमीन पावसाचे पाणी साठवून ठेवते; तिच्यावर भराव पडला की तेच पाणी दुकानाच्या उंबऱ्याशी येते. गोदामातील माल भिजला तर विम्याचा दावा करता येतो. बुजलेल्या तळ्याचा दावा कोणाकडे करणार? दुकानाची जागा घेताना, गुंतवणूक म्हणून भूखंड घेताना, त्याखाली पूर्वी काय होते हे विचारणारा ग्राहक घरातच घडवावा लागतो.

त्यासाठी मोठा खर्च नाही. रात्री दुकान वाढवून घरी आल्यावर अर्धा तास पुरे. दहा-बारा वर्षांच्या मुलाने मोठ्याने वाचावे, आजोबांनी ऐकावे, वडिलांनी शंका विचारावी. रविवारी मुलांना पश्चिम पट्ट्यातील एखाद्या बागेत न्यावे, विहिरीचे पाणी कितपत खाली गेले आहे ते बागायतदारास विचारावे आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावे. पुढील वर्षी त्याच महिन्यात पुन्हा जावे. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की आपल्या भूमीचे मुद्दल वाढते आहे की घटते आहे, हे मुले स्वतःच वाचतील.