पहिला फटका

गोल्फ हा साहेबलोकांचा खेळ, त्याच्याशी आपला काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. माझा संबंध बॅगेपुरता आहे. माझे वडील गेली पंचवीस वर्षे पुण्यातील एका मैदानावर कॅडी आहेत. कॉलेजच्या फीसाठी शनिवार-रविवारी मीही खांद्याला बॅग लावतो. कॅडीने एक पथ्य पाळायचे असते : विचारल्याशिवाय बोलायचे नाही. समोरच्याचा चेंडू वाकडा का जातो हे दिसत असले तरी गप्प राहायचे. म्हणून तेथे जे बोलता येत नाही, ते येथे लिहीत आहे.

प्रत्येक होलचा पहिला फटका मारताना चेंडू 'टी' नावाच्या छोट्या खुंटीवर ठेवता येतो. लांब होलवर या फटक्यासाठी जी स्टिक वापरतात ती ड्रायव्हर. खेळाडूला जास्तीत जास्त १४ स्टिका बाळगता येतात. त्यांत हीच बहुधा सर्वांत लांब. पूर्वी तिचे डोके लाकडाचे असे, आता ते धातूचे व पोकळ असते. चेंडूचे वजन मात्र ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. एवढ्याशा चेंडूला पैलवान कशाला हवा?

पण नवशिका नेमका जोरच लावतो. मीही लावला. सोमवारी मैदान बंद असते, तेव्हा आम्हा कॅडींना खेळू देतात. माझा पहिला चेंडू उजवीकडे वळून झाडीत गेला, तो सापडलाच नाही. वडील म्हणाले, "ताकद हमालाकडं पण असते. हात मोकळा सोड."

त्यांच्या बोलण्यातले शास्त्र मला पुढे कळले. मूठ घट्ट आवळली की मनगटे व खांदे आखडतात. स्टिकचा वेग कमी होतो आणि तिचे तोंड वेळेवर सरळ होत नाही, उघडेच राहते. मग उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळतो. यालाच 'स्लाइस' म्हणतात.

यावर उपाय म्हणजे फटक्याआधीची तयारी. प्रथम चेंडूच्या मागे उभे राहून लांबचे लक्ष्य ठरवावे. त्याच रेषेत चेंडूपुढे दोन-तीन फुटांवर एखादे पान किंवा डाग हेरावा. जॅक निकलाउससारखा श्रेष्ठ खेळाडूही असेच करी. आधी स्टिकचे तोंड त्या खुणेकडे लावावे, मग पाय जुळवावेत. पायांत खांद्यांहून किंचित जास्त अंतर असावे. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत आणि त्याचा अर्धा भाग ड्रायव्हरच्या वरच्या कडेहून उंच असावा, म्हणजे स्टिक वर येता येता त्याला लागते. स्टिक मागे नेताना खांदे पूर्ण वळवावेत. खाली आणताना सुरुवात कमरेपासून करावी, हातांनी नव्हे. फटक्यानंतर चेंडू जमिनीवर पडेपर्यंत डाव्या पायावर तोल राहिला, तर समजावे की जोर बेताचा होता.

सरावाचेही तसेच आहे. वडिलांनी मला महिनाभर चेंडूच दिला नाही. स्टिक उलटी धरून फिरवायला लावली. तेव्हा 'सूं' असा आवाज होतो. तो खांद्याजवळच आला तर वेग आधीच खर्ची पडला. चेंडूच्या जागी आला तर फटका बरोबर. पुढे चेंडू मिळाले तेही मोजके. आधी छोट्या स्टिकने अंग मोकळे करायचे, मग ड्रायव्हर घ्यायचा, आणि प्रत्येक चेंडूला वेगळे लक्ष्य ठरवायचे. शंभर चेंडू बेभान मारण्यापेक्षा वीस चेंडू विचारपूर्वक मारलेले बरे.

या वाटेने मोठे झालेलेही आहेत. दिल्लीचा अली शेर हा एके काळचा कॅडी. त्याने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. कोलकात्याच्या मैदानावर हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने तीच स्पर्धा २०१६ व २०१७ साली जिंकली, आणि त्याची ख्याती लांब फटक्यांसाठी मुळीच नाही.

मित्रांनो, मी काही मोठा खेळाडू नाही. पण आता दहांतले सहा-सात चेंडू सरळ जातात. हा लेख मी वडिलांना वाचून दाखवला, कारण त्यांना अक्षरओळख नाही. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "टीची उंची लिहिलीस का? लोक तिथंच चुकतात." ते वाक्य मी नंतर घातले.

— द्वितीय वर्ष कला