एअर रायफल : नेम चुकतो तो चापापाशी

छऱ्याची बंदूक म्हटली की जत्रेतील फुग्यांचा फळा डोळ्यांसमोर येतो. तथापि गेल्या काही वर्षांत शहरांतून एअर रायफल हा गंभीर छंद झाला आहे. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकले आणि २०२२ साली ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात जगज्जेता झाला. साहजिकच अनेक घरांत पहिली रायफल आली. ही पहिली रायफल बहुधा स्प्रिंगवर चालणारी, बेताच्या किमतीची असते आणि नेम साधत नाही म्हणून तिचा मालक छरे बदलतो, दुर्बीण बदलतो. खरा दोष पुष्कळदा बोटाखालीच असतो.

अशा रायफलचे वजन साधारण ३ किलो आणि तिचा चाप दाबण्यास लागणारे बल कित्येकदा २ किलोच्या आसपास. बंदुकीच्या वजनाशी तुलना करता येईल इतका जोर एका बोटाने द्यायचा, आणि तोही बंदूक तसूभर न हलवता! आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १० मीटरवरील लक्ष्याचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या जोराची किंमत कळते.

चाप जड का असतो? रायफल भरताना नळी मोडून खाली ओढली की आतील दट्ट्या मागे सरकतो आणि जाड स्प्रिंग दबली जाते. दट्ट्याला ‘सिअर’ नावाचा पोलादी खटका अडवून धरतो. साध्या रचनेत स्प्रिंगचा बराचसा भार याच खटक्याच्या टोकावर येतो, आणि घर्षणावर मात करून तो सरकवायचा असतो. स्पर्धेच्या रायफलींत स्प्रिंगऐवजी आधीच दाबून भरलेली हवा असते. तेथे चापाला झडप उघडणारा छोटासा हातोडा तेवढा सोडायचा असतो. म्हणूनच त्यांचा चाप काही दशक ग्रॅमवर आणता येतो. एअर पिस्तुलासाठी ५०० ग्रॅमची किमान मर्यादा नियमाने घातली आहे. एअर रायफलला अशी मर्यादा नाही.

स्प्रिंगच्या रायफलीतही हलका चाप अशक्य नाही. जर्मनीच्या वाइराउख कंपनीचा ‘रेकॉर्ड’ चाप याचे नामांकित उदाहरण. त्यात भार एकामागोमाग एक अशा तरफांवर विभागला जातो आणि बोटापर्यंत त्याचा लहानसा अंशच पोहोचतो. स्वस्त रायफलींना ही चैन परवडत नाही, आणि येथेच बाहेरून मिळणाऱ्या सुट्या भागांची बाजारपेठ उभी राहिली. स्पेनच्या गॅमो कंपनीच्या अनेक रायफलींना बसणारी ‘जीआरटी-३’ ही धातूची चापपट्टी पाश्चात्त्य छांदिष्टांत विशेष प्रसिद्ध झाली.

तिचे मर्म समजण्यासाठी चापाचे दोन टप्पे ध्यानात घ्यावे लागतात. पहिल्या टप्प्यात बोट हलकेच मागे जाते आणि सिअरची पकड कमी होत जाते. मग एक स्पष्ट अडथळा लागतो; तेथे क्षणभर थांबून नेम पक्का करायचा, आणि किंचित अधिक दाबताच बार उडावा, हा दुसरा टप्पा. जुन्या गॅमो चापावरील मूळ स्क्रूने केवळ पहिल्या टप्प्याची लांबी बदलते. त्यामुळे पुढचा प्रवास लांब, खरबरीत आणि बेभरवशाचा राहतो. बार नेमका कधी उडेल याचा अंदाजच येत नाही. नव्या पट्टीत दुसऱ्या टप्प्यासाठीही स्क्रू असतो, शिवाय पट्टी आतल्या भागांना जेथे रेटते ती जागा बदललेली असते. म्हणजे केवळ बल कमी होत नाही, तर चाप दर वेळी एकाच ठिकाणी सुटतो. नेमबाजाला याचेच मोल अधिक. एकसारखा सुटणारा सव्वा किलोचा चाप लहरी पाऊण किलोच्या चापापेक्षा केव्हाही बरा.

काही हौशी मंडळी पट्टीचा खर्च वाचवण्यासाठी सिअरच घासून गुळगुळीत करतात. हा उद्योग टाळावा. अशा भागांचा कठीणपणा पुष्कळदा पृष्ठभागापुरताच असतो. कानस लागली की आतले मऊ पोलाद उघडे पडते, थोड्याच दिवसांत झिजते आणि पकड सुटू लागते.

पकड सुटणे म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे. नळी मोडलेली असताना खटका निसटला तर स्प्रिंग सुटते, नळी सपकन वर येते आणि छरा बसवणारी बोटे मध्ये सापडतात. बोट तुटण्याइतकी ही इजा गंभीर असू शकते. म्हणून स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि छरा बसवताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवावी. भरलेल्या रायफलीची नळी सुरक्षित दिशेला रोखून दस्ता रबरी पट्टीवर आपटून पाहावा. बार उडाला तर स्क्रू लगेच उलटा फिरवावा. रायफल उघडताना दबलेली स्प्रिंग उसळून बाहेर येते, तेव्हा ते काम योग्य शिकंजा असलेल्या कारागिराकडे सोपवणेच शहाणपणाचे.

चाप बदलल्याने छऱ्याचा वेग वा शक्ती वाढत नाही, त्यामुळे रायफल आधी ज्या कायदेशीर वर्गात होती त्यातच राहते. कंपनीची हमी मात्र बहुधा संपते.

पैसे मोजण्यापूर्वी एक फुकटचा उपायही करून पाहावा. स्प्रिंगच्या दणक्याने लाकडी दस्त्याचे स्क्रू सैल होतात. ते आवळून, एकाच प्रकारचे छरे वापरून, १० मीटरवर पाच-पाच बारांचे काही गट कागदावर घ्यावेत. नवा चाप बसवल्यावर पुन्हा तसेच गट घेऊन दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक किती पडला ते दिसते.