शून्याविना सतराशे

नाणेघाटाच्या लेण्यात शून्य कोरलेले आहे, असे अभिमानाने सांगणारे लोक भेटतात. तिथे शून्य नाही. पण जे आहे, ते समजून घेतले तर अभिमानाला अधिक भक्कम आधार मिळतो.

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या घाटाच्या माथ्यावर सातवाहनांचे लेणे आहे. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. त्याचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानला जातो. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा यांची ही नोंद असल्याने त्यात ठायीठायी आकडे येतात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ मध्ये या अंकांवर निबंध प्रसिद्ध केला.

लेखात १७०० गाईंचे दान आहे. आपण हा आकडा चार अंकांत लिहितो. कोरक्याने तो दोन चिन्हांत लिहिला. एक चिन्ह हजाराचे, दुसरे सातशेचे. सातशेचे चिन्ह म्हणजे शंभराच्या चिन्हाला जोडलेला सात. २४,४०० या संख्येत चाराची खूण एकदा हजाराला जोडली आहे, एकदा शंभराला. दहा, वीस, ऐंशी यांनाही वेगवेगळी चिन्हे आहेत. चिन्हातच त्याची किंमत असल्यामुळे रिकामी जागा राखायला कोणी लागत नाही.

ही पद्धत आपल्याला परकी वाटते, पण आपण बोलतो ते असेच. ‘एक हजार सातशे’ म्हणताना शून्याचा उच्चार कोण करतो? ‘हजार’ आणि ‘शे’ हे शब्दच स्थान सांगतात. नाणेघाटातला कोरक्या बोलण्याच्या वळणाने लिहीत होता.

स्थानावरून किंमत ठरू लागली, की मात्र रिकाम्या घराला राखणदार हवा. नाहीतर २७० आणि २७ यांत फरक उरणार नाही. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील इसवी सन ८७६ च्या लेखात हा राखणदार स्पष्ट दिसतो. तिथे बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५०, दोन्ही आकडे शून्यासह आहेत. नऊ अंक आणि एक शून्य एवढ्यावर कितीही मोठी संख्या लिहिता येते, ती सोय यातून आली.

म्हणून संख्या, तिचे नाव आणि तिचे चिन्ह या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. नाणेघाटात सतराशे गाई मोजल्या गेल्या, त्यांची नोंद झाली आणि हिशेब शून्यावाचून अडला नाही. आजही पावतीवर १७०० लिहून झाल्यावर आपण खाली ‘अक्षरी रुपये एक हजार सातशे फक्त’ असे लिहितो. वरची ओळ ग्वाल्हेरच्या वळणाची, खालची नाणेघाटाच्या.