युद्धछायाचित्रातील चिन्ह आणि त्याचे वाचन

मारतहळ्ळी हे बंगळुरूतील स्थलनाम ‘मारुत’ या लढाऊ विमानावरून आले, अशी एक लोकव्युत्पत्ती आहे. १९६१ साली प्रथम उडालेल्या या विमानाचे अभिकल्पक कुर्ट टँक यांनीच नाझी जर्मनीचे फोक-वुल्फ १९० घडविले होते. त्याच्या शेपटीवरील हाकेनक्रॉइत्स आणि मराठी उंबरठ्यावरील स्वस्तिक यांतील भेद वाचक संदर्भाने ओळखतो. अपरिचित चिन्हाला असा संदर्भ लाभत नाही. मार्च २०२२ मध्ये नाटोने युक्रेनी महिला सैनिकाचे छायाचित्र प्रसृत केले. तिच्या गणवेशावरील ‘काळ्या सूर्या’सारखे चिन्ह निदर्शनास आल्यावर ते मागे घेतले. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अशा चिन्हांची दखल घेतली. काही पत्रकारांनी छायाचित्रापूर्वी बिल्ले काढावयास सांगितल्याचेही नोंदविले. दुर्लक्ष असो वा लपवणूक, दोहोंनी शत्रूच्या प्रचाराला आयतेच बळ मिळते. चिन्हाचा उगम आणि धारण करणाऱ्याचा हेतू यांचा पृथक् निर्देश करणारी चित्रओळच प्रामाणिक ठरते.