जात्यावरचा गळा

पैठण तालुक्यातल्या पाचोडसारख्या गावांत पिठाची गिरणी येण्याआधी पहाटेचं पहिलं काम दळणाचं. दोघी समोरासमोर बसत, एकच खुंटा धरत. एक हात जातं ओढायला, दुसरा मूठमूठ ज्वारी तोंडात सोडायला. एकीने ओवीची ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. पेटी नाही, टाळ नाही. नुसता गळा आणि दगडाची घरघर.

या गाण्याचं वय मोठं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. त्याच शतकात दक्षिण फ्रान्सच्या दरबारांत त्रुबादूर कवी प्रेमगीतं रचत होते. त्यांच्या हस्तलिखितांतही एकट्या गळ्यापुरती चाल मिळते. वाद्यांसाठी वेगळं काही लिहिलेलं नाही. आवडत्या स्त्रीचं नाव ते टोपणनावाआड लपवत. आपल्याकडची सासुरवाशीणही नवऱ्याचं नाव घेत नाही. ‘हौशा’, ‘भरतार’ म्हणत त्याचं कौतुक गाते.

त्रुबादूरांची अडीच हजारांच्या आसपास गाणी आज उरली आहेत. चाली मात्र जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या. कवयित्रींच्या गाण्यांपैकी तर एकाच गाण्याची चाल हाती आली, दीयाच्या काउंटेसची. कागदावर शब्द टिकले, गळ्यातलं बरंचसं गळ्याबरोबर गेलं.

ओवीचंही तेच झालं असतं. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, 1972 साली भारतात येऊन इथलेच झालेले गी पॉइत्वाँ यांनी 1980च्या दशकात मुळशीच्या डोंगरी गावांतल्या बायकांसोबत काम करताना ओव्या जमवायला घेतल्या. पुढे हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, मराठवाड्यातल्याही. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल यांची साथ मिळाली आणि बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. आज ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ते कुणालाही ऐकता येतात.

ते ऐकल्यावर छापील ओवी किती अपुरी आहे ते कळतं. पुस्तकातल्या दोन ओळी क्षणात वाचून होतात. गाताना अर्धी ओळ फिरून येते, मधे ‘गं बाई’ शिरतं, जात्याच्या फेऱ्याबरोबर स्वर ओढला जातो. बाईला दम घ्यायला जागा मिळते आणि पुढची ओळ जुळवायला वेळही.

आता जातं बाहेर निघतं ते लग्नाची हळद दळायला. पण दळणाच्या काळातल्या आज्या अजून आपल्या घरांत आहेत आणि फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यांना म्हणायला लावावं; ओवी कुणाकडून आली, माहेर कोणतं, तेही विचारून ठेवावं. वर संगीत चढवू नये, बोली सुधारू नये. आजीच्या गळ्यात ओवी जशी आहे, तशीच ती पूर्ण आहे.