लोणारचा चैत्र

वऱ्हाडात चैत्र लागतो तेव्हा शेतकऱ्याच्या हातास थोडी उसंत असते. कपाशीची शेवटची वेचणी आटोपलेली, गहू-हरभरा घरात आलेला, आणि मृगास अद्याप दोन महिने अवकाश. लग्ने, पारायणे, कुस्त्या, जत्रा ह्या सर्वांस हाच काळ सोयीचा. अमरावती-अकोल्याकडील आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ह्या दिवसांत बुलढाणा जिल्ह्यात जाणे घडते. कोणी रामनवमीस शेगाव गाठतात, कोणी सिंदखेडराजा पाहून पुढे लोणारास उतरतात. ह्या लोणारविषयी आज लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. तेथील वसंतातील सार्वजनिक उत्साह पाहण्यासारखा असतो, आणि त्या उत्साहाच्या भरात एक गोष्ट नित्य विसरली जाते, तीही बोलून दाखविणे अवश्य आहे.

लोणार हे गाव एका प्रचंड विवराच्या काठी वसले आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर. विष्णूने लवणासुराचा वध केला, त्याचे हे स्थान, अशी कथा आहे. गावातील दैत्यसूदनाचे काळ्या पाषाणाचे देऊळ त्याच कथेचे स्मारक होय. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. पुढे कोणी ह्या विवरास ज्वालामुखी म्हणत, कोणी आणखी काही. अखेरीस १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा खळगा अशनीच्या आघाताचा असल्याचे सिद्ध केले. विवराचे वय प्रथम ५० हजार वर्षांच्या आसपास धरीत असत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीने ते एकदम सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षांवर नेले. पुराणांतील कालगणनेस हसणाऱ्या आमच्या विद्वान मित्रांनी हे ध्यानात ठेवावे!

येथील पाण्याचा प्रकार विलक्षण आहे. सरोवर खारे, परंतु विवराच्या उतारावरील झरे गोडे. गोमुखातून पडणारी धार बारमाही वाहते आणि यात्रेकरू तिच्याखाली स्नान करितात. तेच पाणी उताराने खाली जाऊन खाऱ्यात मिळते. उन्हाळ्यात सरोवर आटू लागले म्हणजे काठावर खाराची पांढरी कड उमटते. हा खार पूर्वी लोक काढीत. साबण व काच करण्यास तो उपयोगी पडे, असा उल्लेख 'ऐने-अकबरी'तही आहे. म्हणजे हे सरोवर केवळ देवदर्शनाचे स्थळ नव्हते. गावाच्या पोटापाण्याशीही त्याचा संबंध होता. अकोला व अमरावती जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांस गोड्या धारेचे मोल निराळे सांगावयास नको. ज्यांच्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, त्यांनी लोणारची धार एकदा पाहावी म्हणजे तेथील लोकांच्या भाग्याची त्यांस कल्पना येईल.

पाडव्यापासून गावात सणांची रीघ लागते. गुढ्या उभारतात, कडुनिंबाची पाने व गूळ वाटतात. रामनवमीमागून पौर्णिमेस हनुमानजयंती येते. गावाबाहेर निजलेल्या मारुतीचे देऊळ आहे, त्याच्या दर्शनास लोक लोटतात. महावीरजयंतीही ह्याच पंधरवड्यातली. ११ एप्रिल हा जोतीराव फुले ह्यांचा जन्मदिवस व १४ एप्रिल हा डॉ. आंबेडकरांचा, आज वऱ्हाडातील कोणत्याही गावी निळ्या पताकांवाचून एप्रिल जात नाही. मुसलमान बंधूंचे सण चंद्राबरोबर फिरत असल्यामुळे तेही कधी ह्याच गर्दीत येऊन मिळतात. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलास व रमजान ईद ११ एप्रिलास होती. २०२५ साली तर पाडवा ३० मार्चास आणि ईद लगेच दुसऱ्या दिवशी. गुढीची साखरगाठी मुलांच्या गळ्यात असतानाच शेजारच्या घरून शिरखुर्मा यावा, ह्याहून चांगला नववर्षारंभ आम्हांस सुचत नाही. पुढे मे महिन्यात काही दिवस सूर्याचे किरण दैत्यसूदनाच्या गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोचतात, तो सोहळा पाहण्यास दूरदूरचे लोक येतात.

आता विसरल्या जाणाऱ्या गोष्टीकडे वळू. हे सर्व गाव विवराच्या कडेवर आहे आणि पाणी उताराने वाहते. स्वयंपाकाचे, स्नानाचे, धुण्याचे, गटाराचे पाणी वाट मिळेल तिकडे, म्हणजे सरोवराकडे, उतरते. धारेखाली स्नान करणारा भाविक साबण तेथेच सोडतो, जुने वस्त्र तेथेच टाकतो, नारळाची करवंटी व प्लास्टिकची पिशवीही तेथेच. गाव वाढले, यात्रेकरू वाढले, त्या मानाने सांडपाण्याची व्यवस्था मागे राहिली. हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेच्या रूपाने वर्षानुवर्षे चालला, ही गोष्ट नागरिकांस भूषणावह नाही. घरासमोरील मोरी कोठे न्यावी हे सांगण्यासही न्यायमूर्तींस बसावे लागावे काय?

आमचा धंदा वकिलीचा असल्यामुळे हक्काचा विचार आम्हांस प्रथम सुचतो. पाण्यावरील हक्काची महाराष्ट्रातील सर्वांत मोठी लढाई अशाच एका तळ्याकाठच्या लहान गावी, ऐन वसंतात झाली. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. परंतु ठराव दप्तरात राहिला आणि अस्पृश्यांस पाणी मिळेना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन ते पाणी ओंजळीने घेतले. त्यावर सवर्णांनी दावा लावला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. आमचे वऱ्हाडही ह्यापासून अलिप्त नव्हते. १९२७ सालीच नोव्हेंबरात अमरावतीस डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली व अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पुढे आला. पुढील वर्षी डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांनी जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या. सार्वजनिक पाणी सर्वांचे, हे तत्त्व इतक्या कष्टाने प्रस्थापित झाले आहे.

परंतु जे सर्वांचे ते कोणी राखावयाचे? हक्काच्या लढाईत हा प्रश्न मागे पडतो, आणि पुढे तो अडतो. संविधानाने ह्याचे उत्तर दिले आहे. १९७६ साली त्यात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. त्यांत वने, नद्या व वन्य प्राणी ह्यांच्याबरोबर सरोवरांच्या रक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ खटल्यात सांगितले की नदी, किनारा अशा निसर्गसंपत्तीचे सरकार हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. विश्वस्ताने हिशेब दिला पाहिजे, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. लोणारास हा हिशेब कोण देतो? २००० साली सरोवर अभयारण्य झाले. २०२० साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांत त्याची गणना झाली. पाट्या पुष्कळ लागल्या. वन खाते, पुरातत्त्व खाते, नगरपरिषद, जिल्हाधिकारी ह्यांच्यात काम वाटले गेले, आणि गावकऱ्याने विचारावयास जावे तर प्रत्येक दारी दुसऱ्या दाराचा पत्ता मिळतो.

सरोवर मात्र आपले म्हणणे मधूनमधून सांगत असते. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पाणी ओसरून खारटपणा वाढला व त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असे तपासणीअंती आढळले. लोकांनी छायाचित्रे घेतली व विषय संपला. नंतर उलट प्रकार झाला. २०२५ साली पाणी चढून काठच्या कमळजा देवीच्या देवळाशी भिडल्याच्या, इतकेच नव्हे तर त्यात मासे दिसल्याच्या बातम्या आल्या. वाचकांपैकी कित्येकांस मासे दिसणे शुभ वाटेल. परंतु ह्या सरोवराचे सर्व वैशिष्ट्य त्याच्या तीव्र क्षारतेत आहे. त्यात जगणारे सूक्ष्म जीव इतरत्र दुर्मिळ आहेत. तेथे मासा जगू लागला तर क्षारता उतरली असे समजावे, आणि बाहेरचे पाणी किती व कोठून येते ह्याची चौकशी त्याच दिवशी सुरू करावी.

असो. केवळ सरकारास दोष देऊन आम्ही थांबणार नाही. ज्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले तेथील आम्ही लोक. ते गावात आले की प्रथम झाडू घेत. गटारे, वाटा, देवळासमोरचे आवार झाडून काढीत, आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. ज्यांनी सकाळी त्यांस वेडा म्हणून हाकलले तेच रात्री टाळ्या पिटीत. आज त्यांच्या नावाने संस्था आहेत, विद्यापीठ आहे. झाडू मात्र नगरपरिषदेच्या सफाई कामगाराच्या हाती देऊन आपण मोकळे झालो. उत्सव पार पडल्यावर तोच बिचारा दुसऱ्या दिवशी एकटा आवार झाडीत असतो, आणि त्याच्या वस्तीत नळ आहे की नाही हे कोणत्याही उत्सव समितीने विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

लोणारच्या नागरिकांस आमची सूचना साधी आहे. पाडव्यास पंचांगवाचन होते, त्याच सभेत सरोवराचेही वाचन व्हावे. गेल्या वर्षभरात पाण्याची पातळी किती चढली वा उतरली, क्षारता किती भरली, धारेचे पाणी तपासले तर काय आढळले, गावातील किती घरांचे सांडपाणी अद्याप उताराकडे जाते, हे आकडे नगराध्यक्षांनी स्वतः उभे राहून वाचावेत व चावडीवर लावावेत. रामनवमी, १४ एप्रिल, ईद व हनुमानजयंती ह्यांच्या समित्यांनी आपापल्या दिवसानंतरची सकाळ धारेच्या वाटेवरील सफाईसाठी वाटून घ्यावी, आणि समितीच्या अध्यक्षांनी पहिली टोपली उचलावी. आकडे वाचण्यास नगरपरिषदेने नकार दिल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा आहे; अर्जास शुल्क दहा रुपये पडते. हा अर्ज कोणा लोणारकरास करावयाचा असल्यास तो लिहून देण्यास आम्ही आनंदाने तयार आहोत.